पडत्या भावाचे पेढे

एखाद्या वस्तूच्या किमतीचा इतका बारीक अभ्यास केलेला आणि त्या अभ्यासातून आयुष्यात एक रुपयाही न कमावलेला दुसरा माणूस उभ्या मुंबईत सापडायचा नाही. हा माणूस माझा साडू लागतो. त्यांचा विषय सोनं नाही, शेअर नाहीत, जागाही नाही. त्यांचा विषय पिनबॉलची यंत्रं. काचेखाली उतरती फळी, तिच्यावर धावणारा पोलादी चेंडू, बाजूची बटणं दाबली की फडफडणारी दोन पाती, आणि चेंडू जिथे आपटेल तिथली घंटा वाजून वर आकडे चढत जातात, असा तो खेळ. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तो फक्त कॉम्प्युटरवर, साहेब जागेवर नसताना खेळलेला. साडूंनी मात्र खरं यंत्र घरी आणलं आणि मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये, जिथे इतर लोक सोफा ठेवतात, तिथे उभं केलं.

अंधेरीचं एक गेम पार्लर बंद पडलं, तिथला माल मरोळच्या एका भंगारवाल्याकडे आला, आणि साडू तेव्हा शेजारच्याच कारखान्यात स्टोअर्सला होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हे धूड पाहिलं. भंगारवाल्याने भाव सांगितला तो किलोवर. लोखंड एका भावाने, लाकूड दुसऱ्या भावाने. वरची काच वजनात धरायची की नाही, यावर साडूंनी उरलेली सुट्टी घालवली आणि काच फुकटात मिळवली. आजही ते हा प्रसंग सांगतात तेव्हा यंत्र मिळाल्याच्या आनंदापेक्षा काच वाचल्याचा आनंद जास्त असतो. यंत्राच्या मागच्या उभ्या फळीवर एक पाणबुड्या, खजिन्याची पेटी आणि त्या पेटीला विळखा घालून बसलेला आठ पायांचा प्राणी रंगवलेला आहे. साडूंची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. माहेर मालवणचं असल्यामुळे त्यांनी टेम्पोतून उतरणाऱ्या चित्राकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ही माकूल माझ्या घरात नको." माकूल घरात आली ती आलीच, आणि यंत्राचं नावही तेच पडलं.

साडू एरवी मृदू बोलणारे. पण खेळायला उभे राहिले की त्यांच्यातलं कोकण जागं होतं. चेंडू दोन पात्यांच्या मधून निसटायला लागला की ते त्याच्यावर माणसावर ओरडावं तसे ओरडतात, "खंय चललंस रे मेल्या!" शेजारच्यांना सुरुवातीला वाटलं, घरात कोणी तरी पळून जायच्या बेतात आहे. गणपतीत ते काचेवर प्लायवुड टाकतात, त्यावर मूर्ती बसवतात आणि मागच्या फळीचे दिवे लावतात. मखराचा खर्च शून्य. एका वर्षी नवे गुरुजी आले, त्यांनी निळ्या प्रकाशात लुकलुकणाऱ्या त्या आठ पायांकडे पाहून दबकत विचारलं, "हे मागे काय आहे?" साडू हात जोडून म्हणाले, "समुद्र." गुरुजींनी समुद्रालाही अक्षता वाहिल्या.

पण त्यांचं खरं कर्तृत्व किमतींचं. परदेशात यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांनी आज काय काढलं, कितीला काढलं, जुन्या यंत्राचा लिलाव कितीवर थांबला, हे त्यांना सकाळच्या चहाच्या आत माहीत असतं. एकदा मी विचारलं, की एकच नवं यंत्र तीन निरनिराळ्या किमतींना कसं विकतात? ते म्हणाले, "हापूस बघा. एक साधी पेटी, एक रिबीन लावलेली पेटी आणि एक बागायतदाराच्या सहीची पेटी. सहीच्या पेट्या मोजक्याच काढायच्या आणि प्रत्येकीवर नंबर टाकायचा. आंबा तोच. पण लोक सहीच्या पेटीसाठी भांडतात." मी म्हटलं, "मग घेणारे मूर्खच." त्यावर ते दुखावले. "मूर्ख कसे? आंबा आवडतो म्हणून तर भांडतात ना!"

त्यात आणखी एक भानगड आहे. जी जुनी यंत्रं लोकांना फार आवडली, तीच पुन्हा बनवून विकतात. चित्र तेच, खेळ तोच, आतलं वायरिंग नवं. असं पुन्हा बनवलेलं यंत्र बाजारात आलं की जुन्या मूळ यंत्राचा भाव धाडकन खाली येतो, कारण निम्म्या लोकांना खेळायचं असतं, जुनं जपायचं नसतं. मुंबईत हे यंत्र घेऊ पाहणारे पाचपंचवीस हौशी लोक असतील. ते सगळे साडूंना फोन करतात, आणि साडू सगळ्यांना परावृत्त करतात. तिकडची किंमत, जहाजाचं भाडं, वर कस्टम ड्यूटी, असं सगळं धरून यंत्र मुंबईत जवळपास दुप्पट किमतीला पडतं, हे ते इतक्या कळकळीने सांगतात की ऐकणाऱ्याला यंत्राऐवजी रिक्षा घ्यावीशी वाटते. घाटकोपरच्या एका दाताच्या डॉक्टरांना दवाखान्यात पेशंट बसतात तिथे ठेवायचं होतं. "डॉक्टर," साडू म्हणाले, "दाढ ठणकणाऱ्या माणसाच्या कानाशी घंटा वाजवणार तुम्ही? पेशंट तुम्हालाच चावेल."

सगळं असं सुखाने चाललं असताना त्यांच्या सोसायटीची रीडेव्हलपमेंट मंजूर झाली. मे अखेर जागा रिकामी करायची होती. बिल्डरच्या भाड्यात कांजूरमार्गला एक खोली मिळाली, चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि जिना असा की समोरून माणूस आला तर एकाने मागे फिरायचं. ताईंनी त्याच दिवशी जाहीर केलं, "ती माकूल तिथे येणार असेल तर मी येणार नाही." आणि मला फोन केला. "तुम्ही आकड्यांतली माणसं. तुम्हीच बसून किंमत ठरवा आणि तिला वाटेला लावा. ह्यांच्यावर सोडलं तर माझ्या तेराव्यालासुद्धा ती हॉलमध्ये असेल."

मी आकड्यांतला माणूस आहे हे खरं आहे. मी बसलो, हिशेब केला. मूळ यंत्र, चालू स्थितीत, भारतात जवळजवळ दुर्मीळ. पाच लाखांच्या खाली जायचं कारण नाही, असं मी साडूंना सांगितलं. भंगाराच्या भावाने आणलेल्या वस्तूचे पाच लाख! आमच्या दोन्ही घरांत मिळून कुठल्याही गुंतवणुकीने असा पराक्रम केलेला नव्हता. साडू मान डोलावत म्हणाले, "योग्य भाव आला की विकणार. शब्द दिला." पण भाव चढला की ते म्हणत, अजून चढेल, थांबू. भाव उतरला की म्हणत, उतरत्या भावात कोण विकतो? मे महिना तोंडावर आला.

शेवटी पवईहून एक तरुण आला. स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी, पायात शुभ्र बूट, वागायला गोड. ताईंनी त्याच्यापुढे सरबत ठेवलं आणि साडूंनी यंत्राचे दोष ठेवले. डावं पातं पावसाळ्यात आळसावतं. खजिन्याची पेटी तीनदा आपटली तर दोनदाच उघडते. माकुलीच्या एका पायाचा रंग उडालाय, आता सातच दिसतात. तो पोरगा हसत म्हणाला, "काका, तुम्ही विकताय की घाबरवताय? ओरिजिनल आहे ना? सहा लाख. फायनल."

ताईंनी त्याच्या पेल्यात आणखी सरबत ओतलं. मी मनात टाळ्या वाजवल्या. साडूंचा चेहरा मात्र कोणी तरी दिवे मालवावेत तसा झाला. "आठ दिवस द्या," ते कसेबसे म्हणाले. पुढचे चार-पाच दिवस ते धड जेवले नाहीत, असं ताई फोनवर सांगत होत्या. "बांगडा केला तर अर्धा ठेवून उठले हो. बांगडा!" आता मात्र मलाही काळजी वाटायला लागली.

रविवारी सकाळी आमच्या चारकोपच्या घराची बेल वाजली. दारात साडू. मुलुंडहून इतक्या लांब न कळवता आलेले, हातात पेढ्यांचा बॉक्स, चेहरा फुललेला.

"घ्या, पेढे घ्या!"

"झाला सौदा?" मी म्हटलं.

"भाव पडला!"

मी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. झालं होतं असं, की तिकडच्या एका कंपनीने त्या दिवशी पहाटे जाहीर केलं होतं की आमच्या पाणबुड्याचं यंत्र ते नव्याने बनवून विकणार. साडूंनी बातमी वाचली आणि त्या पवईच्या पोराला स्वतःहून फोन लावला.

"त्याला हे माहीत होतं?"

"नव्हतं ना. मीच सांगितलं. म्हटलं, बाबा, थांब, नवं बुक कर. वॉरंटी मिळेल, माकुलीला आठही पाय मिळतील."

"अहो साडूभाऊ, पैसे हातात पडू द्यायचे, मग सांगायचं!"

"आणि महिन्याभराने त्याला कळलं असतं तर? सहा लाख दिले असते पोराने. मला काय म्हणाला असता तो?"

"आता काय म्हणाला?"

"म्हणाला, काका, थँक्यू, आता फार तर अडीच देईन." साडूंनी दुसरा पेढा उचलला. "साडेतीन लाखांचा खड्डा! आता अशा तोट्यात कोण विकतो, तुम्हीच सांगा. तुम्ही आकड्यांतली माणसं."

मी पुष्कळ विचार केला, पण त्या माणसाने तो फोन प्रामाणिकपणामुळे केला की माकुलीमुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना स्वतःलाही सांगता येईल असं वाटत नाही.

मी ताईंना फोन लावला. भाव पडल्याचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवतील का आता?" मी म्हटलं, "चौथा पेढा चालू आहे." "मग राहू दे तिला," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे. फार मोठी किंमत ठरवणारे ना तुम्ही!" इकडे आमच्या हिने केव्हाच होकार दिलेला होता. आमचं घर तळमजल्यावर, मुलगा नोकरीला परगावी, त्यामुळे माझ्याकडे मोजून मांडलेलं एकही कारण शिल्लक राहिलं नाही.

यंत्राचे पाय काढले, मागची फळी आडवी केली, गाद्यांमध्ये गुंडाळून टेम्पोत चढवलं. साडू पुढे ड्रायव्हरजवळ बसायला तयार होईनात. मुलुंड ते चारकोप ते मागे यंत्राजवळ, काचेवर तळहात ठेवून बसले आणि प्रत्येक गतिरोधकाला ओरडत राहिले, "सावकाश रे बाबा, समुद्र हा आत!"

तेव्हापासून दर रविवारी ती दोघं आमच्याकडे येतात. साडू बाह्या सरसावून डाव्या पात्याचा आळस काढतात. ताई भाजी निवडतात आणि आमच्या हिला "आता पूस तू तिची धूळ!" असं समाधानाने सांगतात. मध्यंतरी एका रविवारी साडू आत चहा घेत होते, तेव्हा ताईंनी सहज बटणांवर बोटं ठेवली. इतक्या वर्षांत त्यांनी त्या यंत्राला फडक्याशिवाय हात लावलेला नव्हता. चेंडू सुटला आणि खालीच येईना. आम्ही सगळे भोवती जमलो. ताई काचेकडे बघतसुद्धा नव्हत्या. मान किंचित कलती करून, भिंतीकडे पाहत त्या खेळत होत्या. साडूंचा सगळ्यांत मोठा आकडा मागे पडला तरी घंटा वाजतच होत्या.

"खंय शिकलंस गो?" साडू कप हातात धरून, थक्क होऊन म्हणाले.

"शिकायचं काय त्यात? जन्मभर स्वयंपाकघरातून ऐकतेय. कुठची घंटा वाजली की तुम्ही कधी ओरडता, मला पाठ आहे."

पवईच्या पोराचं नवं यंत्र आलं. तो म्हणतो, झकास आहे, पण ज्यांना जुनं हवं त्यांना जुनंच हवं, आणि मूळ यंत्राचा भाव पुन्हा सावरतोय. हे सांगताना साडू जरा कोमेजतात. बाकी त्यांचं उत्तम चाललंय. कामावरून घरी आलो की मी चप्पल काढायच्या आधी एक चेंडू सोडतो. मग हीही एक सोडते. जेवण थोडं उशिरा होतं, त्याबद्दल दोघांपैकी कोणी बोलत नाही. मुलगा घरातून गेल्यापासून आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी एवढा आवाज झाला नव्हता.

मुलुंडची इमारत भराभर वर चढते आहे. साडू वाटेत उतरून ती बघून येतात आणि मोबाइलवरचे फोटो दाखवतात. परवा म्हणाले, "आणखी एक स्लॅब पडला! नव्या हॉलमध्ये माकूल बसेल ती जागा मी बिल्डरच्या माणसाकडून आखून घेतलीय." सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं, हिने शिरा केला, मीही हात पुढे केला. एरवी मी लगेच विचारलं असतं, एकूण मजले किती आणि बाकी किती. या वेळी मी काही विचारलं नाही. शिऱ्याची ताटली घेऊन यंत्राजवळ गेलो आणि काचेवरची बोटांची खूण फडक्याने पुसत राहिलो.