पिवळे बरोबर, लाल चूक

श्री. विनायकराव मेढेकर यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त चार शब्द लिहा, असे मला सांगण्यात आले. चार शब्दांत मावणारे हे गृहस्थ नव्हेत, पण प्रयत्न करते.

आमची पहिली ओळख अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत झाली. तिथे तेलाच्या टाक्या बनत. मी मुंबईहून नुकतीच आलेली डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे ड्रॉइंगची आवकजावक सांभाळणारी. मेढेकरसाहेब मुख्य चेकर. वर्कशॉपमध्ये जाणारे प्रत्येक ड्रॉइंग आधी ते तपासत. बरोबर मापावर पिवळा हायलायटर फिरवीत. चुकीच्या मापापाशी लाल पेनाने शेरा लिहीत आणि त्याखाली कारणही देत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझे एक ड्रॉइंग नुसत्या घडीवरून परत पाठवले. "बाई, नंबर बाहेर दिसला पाहिजे. शोधणाऱ्याला घडी उलगडायला लावू नका," असे म्हणाले. मला भयंकर राग आला होता. आता माझ्या घरात चादरींच्या घड्यासुद्धा त्याच शिस्तीत असतात.

नवे शतक उजाडले त्या सुमारास साहेबांच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ लागला. अबुधाबीच्या डॉक्टरांनी सांगितले, चष्म्याने आता भागणार नाही. ज्यांची सगळी नोकरी नजरेवर, त्यांना ड्रॉइंगवरचे बारीक आकडे पुसट दिसू लागले. आखातात नोकरी गेली की व्हिसा जातो आणि घर आवरावे लागते. थोरली कन्या पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा इथेच शाळेत. साहेबांनी हे कुणापासून लपवले नाही. ते सरळ मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले.

आमचे मॅनेजर लेबनीज, मनाने वाईट नव्हते. "हबीबी, खलास," ते म्हणाले. "गो होम, टेक रेस्ट."

"सर, गिव्ह मी वन मंथ," साहेब म्हणाले. "आय विल चेक ऑन कॉम्प्युटर."

पीडीएफ तेव्हा आमच्याकडे नवीनच आली होती. फुकटच्या प्रोग्रॅममध्ये फाइल नुसती वाचता येई. तिच्यावर खुणा करायला विकतचे सॉफ्टवेअर लागे, आणि ते एकट्या माझ्या कॉम्प्युटरवर होते. त्यामुळे माझ्या जेवणाच्या सुट्टीत साहेब माझ्या खुर्चीत बसू लागले. बदल्यात वहिनींच्या हातचे थालीपीठ माझ्या डब्यात येई. त्याला ते "खुर्चीचे भाडे" म्हणत. असा भाडेकरू सर्वांना लाभो!

पन्नाशी उलटलेल्या माणसाने माउस धरायला शिकणे हे पाहायला गमतीचे, करायला जिवावरचे असते. बाण भलतीकडे पळे, ड्रॉइंग पडद्याबाहेर निसटे, ऑफिसातली तरुण मंडळी हसत. साहेब चिडत, स्वतःशीच पुटपुटत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत. ड्रॉइंगच्या कडेला नकाशासारखी अक्षरे आणि आकडे असतात. त्यांच्या आधाराने ते एकेक चौकोन मोठा करून तपासत. मला म्हणाले होते, "कागदावर सगळे दिसते, पण पुसट. इथे थोडेच दिसते, पण पक्के दिसते."

एका टाकीच्या ड्रॉइंगचा पहिला संच असा तपासून झाला. चुका दाखवायला त्यांनी सॉफ्टवेअरमधल्या चिठ्ठ्या वापरल्या होत्या; चिठ्ठीवर क्लिक केले की आतला शेरा उघडे. मी रंगीत प्रिंट काढून वर्कशॉपला पाठवल्या. दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीप्रमाणे तिकडे फेरी मारायला गेले, मीही बरोबर होते.

"खानभाई, लाल कितने निकले?" त्यांनी फोरमनला विचारले.

"लाल एक भी नहीं, साब! सब पीला. बहुत बढ़िया ड्रॉइंग है. यल्ला, अभी कटिंग शुरू करता हूँ."

साहेबांचा चेहरा मी विसरलेले नाही. चिठ्ठीतला शेरा पडद्यावर उघडत होता, कागदावर छापला जात नव्हता. कागदावर उमटली होती फक्त चिठ्ठीची खूण, आणि ती पिवळी! जिथे जिथे चूक होती तिथे तिथे खानभाईंना "बरोबर" दिसले होते. प्लेटांवर खडूच्या रेघाही मारून झाल्या होत्या. साहेबांनी तिथल्या तिथे काम थांबवले, आणि बातमी आमच्याआधी मॅनेजरच्या केबिनमध्ये पोचली.

"आय टोल्ड यू, खलास," मॅनेजर म्हणाले.

"मंथ इज नॉट ओव्हर, सर," साहेब म्हणाले आणि बाहेर आले.

मला वाटले होते, आता ते खचतील. त्यांनी मला एवढेच विचारले, "शुक्रवारी ऑफिसची चावी मिळेल का?" सुट्टीच्या त्या दिवशी कंपनीची बस नसते, म्हणून वहिनींनी त्यांना गाडीने आणून सोडले. मी समोरच्या टेबलावर बसून पाहत होते. त्यांनी एकेक चिठ्ठी काढून टाकली आणि तोच शेरा कारणासकट थेट ड्रॉइंगवर लाल अक्षरांत लिहिला, बरोबर मापांवर पिवळा पट्टा ओढला. डोळ्यांतून पाणी यायला लागले की ते उठून तोंड धुऊन येत. मी म्हटले, "साहेब, उरलेले मी करू का?" "तुम्ही प्रिंट काढा. चेकर मी आहे," ते म्हणाले.

शनिवारी खानभाई स्वतः प्रिंट घेऊन मॅनेजरकडे गेले. "सर, नाउ रेड इज रेड," एवढेच त्यांचे इंग्रजी. मॅनेजर बराच वेळ ती ड्रॉइंग पाहत राहिले. पुढच्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर तेच सॉफ्टवेअर आणि ऑफिसातला सर्वात मोठा मॉनिटर आला. त्यानंतर साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मेढेकरसाहेब आमचे मुख्य चेकर होते. कन्या इंजिनिअर झाली. हसणाऱ्या तरुण मंडळींना पीडीएफवर तपासायला साहेबांनीच शिकवले, आणि पहिला धडा एकच: शेरा लिहिलात, आता ज्याला तो वाचायचा आहे त्याला दिसतो का, ते जाऊन बघा. थालीपीठ मात्र खुर्ची सुटल्यावरही येत राहिले.

गौरवलेख ज्यांच्यावर असतो त्यांना आधी दाखवत नाहीत. मी दाखवला. आता साहेबांची दृष्टी इतकी मंदावली आहे की पडद्यावर एका वेळी दोनतीन शब्दच मावतील एवढी अक्षरे मोठी करावी लागतात. तसा सगळा लेख वाचून त्यांनी पीडीएफ परत पाठवली. माझ्या बहुतेक परिच्छेदांवर पिवळा पट्टा आहे; एवढे पिवळे मला त्यांच्याकडून जन्मात मिळाले नव्हते. शेवटच्या "आपण शतायुषी व्हावे" या वाक्यावर मात्र लाल रेघ आहे. खाली कारण दिले आहे: "नुसती वर्षे नकोत. तपासायला काम द्या. दुरुस्त करून पाठवा, पुन्हा पाहीन."

दुरुस्ती केली आहे, साहेब. आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, डोळ्यांत उजेड राहो, आणि आमच्या चुका काही संपायच्या नाहीत, तेव्हा लाल शेरे लिहायला आपण पुष्कळ वर्षे आमच्यात असा. लेख पुन्हा पाठवते आहे. पाहा.