टॅगर्टची ट्रंक

ऑरिन टॅगर्ट माझ्याकडे भाड्याने राहायला आला, तेव्हा मी त्याला रिकामं कपाट दाखवलं. तर म्हणतो, "राहू द्या बाई, माझं ट्रंकेतच बरं आहे." अकरा वर्षांत नऊ कॉलेजांच्या पोरांना त्याने आपला अमेरिकी फुटबॉल शिकवला होता, चेंडू काखेत मारून धडका देत पळायचा तो. सप्टेंबरात बोलवायचं आणि बर्फ पडायच्या आत हातावर नारळ ठेवायचा, अशी या कॉलेजांची तऱ्हा!

"लग्न नाही केलंत?" मी विचारलं. तोंडाळ आहेच मी.

"कुठल्या गावात करू, बाई?"

संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात घेवड्याचे अकरा दाणे टेबलावर मांडून डाव रचायचा. "अहो, उद्या शिजवायचेत ते!" मी ओरडायचे. पण नवरा गेल्यापासून त्या टेबलाशी कुणी बसलं नव्हतं, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

नोव्हेंबरात कॉलेजने सांगितलं, थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या सामन्यात अ‍ॅशबी कॉलेजला हरवलंत तर नोकरी कायम. त्या रात्री टॅगर्ट पहिल्यांदा मोकळं हसला. "जिंकलो तर ट्रंक रिकामी करतो, बाई."

सामन्याला सारं गाव लोटलं. तेव्हाचा नियमच असा, की खेळ सुरू झाला की कोचने बाकावर मूग गिळून बसायचं. कुणाला काढायचं, कुणाला ठेवायचं, ते कप्तान ठरवणार. कोचने एक शब्द उच्चारला, तर संघाला पंधरा यार्डांचा दंड, म्हणजे चेंडू तेवढा आपल्याच गोलरेषेकडे सरकवायचा.

शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. चेंडू अ‍ॅशबीकडे होता. आमचा कप्तान व्हर्जिल स्टोक्स डोक्यावर आपटला, उठला आणि जाऊन अ‍ॅशबीच्याच पोरांत उभा राहिला. लोक खो खो हसले. मीही हसले, मेली! त्याच्या पोरांनी त्याला हाताला धरून परत आणलं, पण कप्तानालाच बाहेर कोण काढणार?

टॅगर्ट उभा राहिला. "व्हर्जिल, बाहेर ये! अरे काढा त्याला, मरेल तो!"

पंचांची शिट्टी वाजली. पंधरा यार्डांनी चेंडू आमच्या गोलरेषेपाशी गेला आणि अ‍ॅशबीने तिथून सामना घेतला. पोरांनी व्हर्जिलला बाहेर आणलं; आठ दिवस तो अंथरुणाला खिळला, पण वाचला. कॉलेजवाल्यांनी मात्र मैदानावरच टॅगर्टला सुनावलं, "पाच मिनिटं जीभ आवरली नाही तुम्हाला?"

मी घरी येऊन त्याच्या खोलीत डोकावले. ट्रंक रिकामी होती. सदरे, कोट, सगळं माझ्या कपाटात नीट टांगलेलं, आणि तो एकेक उतरवून घड्या घालत होता.

"सकाळीच लावले होते, बाई," तो म्हणाला. "जरा घाईच झाली."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, राहा इथेच, काहीतरी काम मिळेल. पण गाव काय म्हणेल, या विचाराने माझी जीभ टाळ्याला चिकटली. "वाटेत खायला पाव बांधून देते," एवढंच मी म्हणाले.

रात्रीच्या गाडीने तो गेला. त्या एका हाकेपायी त्याची नोकरी गेली. माझे तर पंधरा यार्डही जाणार नव्हते, तरी मी मूग गिळून दारात उभी राहिले.