रबर फुगलं, विटाळ माझा

कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसच्या तेलपंपातून फुगलेला रबरी वायसर निघाला आणि मॅनेजरने आधी माझ्याकडे पाहिलं. पंपाकडे नाही. रबराकडे नाही. माझ्याकडे.

"या चांभारानं हात लावला होता का याले?"

मिस्त्री म्हणाला, "गाडीतून रबर यानंच उतरवलं."

बस्स. निकाल लागला. जिनमधल्या बाया, हमाल, मुनीम, सगळे अंगणात जमले. प्रेस बंद, रुईचा ढीग उन्हात पडलेला, आणि माझ्या हातांवर राख. "घास," मॅनेजर म्हणाला. मी घासले. दोन्ही हात, कोपरापर्यंत, सगळ्यांसमोर. मग पंपावर गोमूत्र शिंपडलं. कोणीतरी हसलं. ते हसणं अजून माझ्या कानात आहे, आणि ते जावं असं मला वाटतही नाही.

मी रिठद गावचा. वाशीमच्या या जिन-प्रेसमध्ये पंपाचे चामड्याचे वायसर मीच बनवायचो, मीच बसवायचो. पंपाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचो. तेव्हा विटाळ नव्हता. चामडं घाण, त्याला दुसरं कोण शिवणार? पंप अडला की मॅनेजर माझ्या घरी माणूस धाडायचा.

मग लढाई आली. चामडं फौजेच्या बुटांना गेलं. मलायाचं रबर यायचं बंद झालं. मालकाने मुंबईहून रबराच्या दोन गुंडाळ्या धाडल्या. झाडाच्या चिकाचं रबर नव्हे, रसायनातून केलेलं. दोन्ही काळ्या. कुठली कशासाठी, हे ना मालकाला ठाऊक, ना मिस्त्रीला, ना मला. पण रबर म्हणजे सोवळं. लगेच पंपाचं काम मिस्त्रीचं झालं आणि माझ्या हातात झाडू आला. मिस्त्रीने हाताला आली ती गुंडाळी घेतली, वायसर कापला, बसवला. तो तेलात फुगला आणि पंपाचा दट्ट्या अडकला.

राख लावून झाल्यावर मॅनेजर मला गेटाबाहेर काढायच्या बेतात होता. विटाळ केला म्हणून काढलेल्या माणसाला दुसरी कुठलीच जिन दारात उभी करणार नव्हती. आणि खरं सांगतो, माझ्या मनातही ती घाण शिरली होती. खरंच माझ्या हातात काही असेल का? हा विचार ज्यांनी माझ्या डोक्यात घातला, त्यांना मी माफ केलेलं नाही.

मी मिस्त्रीला म्हणालो, "त्याच गुंडाळीच्या आतून तूच एक तुकडा काप. तूच तेलात टाक. मी शिवत नाई."

"अन् तू?"

"मी दुसऱ्या गुंडाळीचा टाकतो."

तो हसत तयार झाला. माझी फजिती बघायला मॅनेजरही थांबला. माझा तुकडा मी दोन्ही हातांत चोळला, मानेच्या घामाला पुसला, मग तेलाच्या डब्यात टाकला. सगळ्या बाया बघत होत्या. बाजाराच्या दिवशी डबे झाकले, पुढच्या बाजाराला उघडले. मिस्त्रीचा तुकडा भिजलेल्या भाकरीसारखा फुगून लिबलिबीत झालेला. माझा जसाच्या तसा. पुढे अकोल्याला इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एकाने सांगितलं, पहिलं रबर टायरचं, तेलात टिकत नाही. दुसरं तेलासाठीच केलेलं. एवढीच गोष्ट होती.

मॅनेजरने काडीने दोन्ही तुकडे उलटवून पाहिले. मला वाटलं, आता चूक कबूल करेल. वेडा होतो मी.

"ही दुसरी गुंडाळी घ्या," तो मिस्त्रीला म्हणाला. मग मला, "तू वायसर कापून बाहेर ठेव. मिस्त्री गोमूत्रानं धुऊन बसवते."

"कायले धुता साहेब? आता तं पाह्यलं ना तुमी?"

"पाह्यलं. तरी धुवा लागते."

तिथे माझे डोळे उघडले. इतकी वर्षं वाटायचं, या लोकांना कळत नाही. कळतं. चांगलं कळतं. आपलं म्हणणं खोटं आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही त्याला ते सोडायचं नव्हतं. ते सोडलं तर त्याच्याजवळ मोठेपणाचं दुसरं होतंच काय?

कापायची रापी माझ्या हातात होती. मी ती कमरेला खोचली.

"नाई कापत."

"माजला का बे?"

"हो. माजलो."

गेटाबाहेर मी स्वतःच्या पायाने गेलो. प्रेस पुन्हा कधी सुरू झाली, मी विचारलं नाही. अकोल्याला जाऊन इंजिनांत हात घातले, पोट भरलं. तिथेही हात तपासणारे भेटले. पण आता मी डबे मांडून बसत नाही. माझा हात चोख आहे हे यापुढे कोणालाही सिद्ध करून दाखवणार नाही. ज्याला माझं काम पाहिजे, त्याने ते न धुता घ्यावं. नाहीतर त्याचं मशीन बंद पडू दे, रुई कुजू दे. मी वाकणार नाही.