देवकीचा ढावलो

देवकी गेल्याची बातमी मोबाइलवर आली, आणि त्या बातमीत देवकी नव्हतीच. पांढरे डोळे, मोकळे केस, हनुवटीवर रंगवलेलं रक्त… वर लिहिलेलं, ‘आमची चेटकीण गेली.’ पाठवणारा तिच्या एकुलत्या एक सिनेमाचा दिग्दर्शक. मी शाळेत वर्गावर शिकवत होते. आधी राग आला, रडू आलंच नाही.

कळमनुरीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी गावातल्या बौद्ध वस्तीतली, ती जवळच्या बंजारा तांड्यावरची. तांड्यावर नवरी सासरी निघताना एकेका नातलगाच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडतच गाते. हल्लीच्या मुलींना तो येईना, म्हणून लग्न ठरलं की त्या देवकीकडे शिकायला यायच्या. तिचं स्वतःचं लग्न अजून व्हायचं होतं. मी चिडवायचे, ‘‘सगळ्यायचं तूच रडून राहिलीस, तुह्या वक्ताला काय उरंल?’’ ती म्हणायची, ‘‘माह्या वक्ताला तू रड की!’’

सिनेमावाले आले तेव्हा तिने सोबतीला मलाच नेलं. शिरड शहापूरच्या पुढे एका शेतात शूटिंग होतं. तिचा ढावलो मी माझ्या फोनवर घेतला. सुरुवातीला दिग्दर्शकाचा आवाजही त्यात आला, ‘‘तू नवरी आहेस. घर सोडून निघालीयेस. तसंच रड.’’ ती तशीच रडली. चहा वाटणारा माणूस किटली खाली ठेवून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे पांढरे केले. नवरीला पडलेलं वाईट स्वप्न आहे, असं सांगितलं.

सिनेमा लागला तेव्हा त्यात नवरी कुठेच नव्हती. तांडा म्हणजे चेटकिणींची वस्ती, आणि चेटकीण लेकरू उचलायला निघाली की मागे देवकीचा ढावलो. मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती. ‘‘हे माहं न्हाई… हे माहं न्हाई,’’ ती माझा हात धरून म्हणत राहिली. मग मोर्चे निघाले, खेळ बंद पडले. दिग्दर्शक मुलाखतींतून म्हणाला, तिला सगळी कथा माहीत होती. साफ खोटं! पण त्या वादावर त्याचं नाव झालं.

बैठकीत तांड्याचे प्रमुख, नायक, म्हणाले, ‘‘आपल्या पोरीयचं रडणं इकलं तू.’’ देवकी म्हणाली, ‘‘मला लग्नच सांगितलं होतं. हिच्या फोनात हाय, ऐका.’’ सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी नवी होती. वादात नाव आलं तर पुढच्या वर्षी येऊ नका, असं मुख्याध्यापकांनी सकाळीच बजावलं होतं. मी म्हणाले, ‘‘डिलीट झालं.’’ फोन माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होता. दिग्दर्शकाला खोटारडा म्हणायचा मला काय अधिकार?

त्यानंतर तिच्याकडे एकही नवरी आली नाही. सिनेमावाल्यांनी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा भुतासाठीच. ती गेली नाही. लग्नही झालं नाही. ब्लाऊज शिवत राहिली. बाजारात भेटली की माझ्या लेकरांची चौकशी करायची, फोनचं नाव काढायची नाही. एकदा भांडली असती तर मी सुटले असते… मग काविळीनं तीन आठवड्यांत गेली.

गेल्या रविवारी तो जुना फोन चार्ज करून तांड्यावर गेले. तिच्या आईला, याडीला, ढावलो ऐकवला. आधी दिग्दर्शक, मग देवकी. याडीने शेवटपर्यंत ऐकलं.

‘‘हे तवाबी होतं तुह्यापाशी?’’

‘‘व्हय.’’

 मग तिने शेजारच्या पोरीला हाक मारली. त्या पोरीचं लग्न ठरलंय. ‘‘बस हितं. देवकी शिकवून राहिली, बराबर ऐक.’’ आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘फोन ठिव. तू जाय आता.’’

मी फोन ठेवून निघाले. मागून देवकीचा आवाज येत होता, आणि तिच्या मागून त्या पोरीचा, अडखळत. रडू मला रस्त्यावर आल्यावर आलं. गळ्यात पडावं असं तिथं कुणी नव्हतं.