मामांचं पिवळंधमक जाकीट

आमचे बाइंडर मामा जन्मभर पुस्तकांना कव्हरं घालत आले, त्यामुळे उघडी वस्तू त्यांना बघवत नाही. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी सायकलवरचे मामा ट्रकवाल्याला दिसलेच नाहीत आणि ते थेट गटारात गेले. मामींनी बजावलं, "चमकणारं जाकीट आणा, नाहीतर सायकल बंद!" मामांनी दुकानदाराचं तासभर डोकं खाऊन सगळ्यांत भडक पिवळं जाकीट निवडलं. सकाळी निघाले, तर अंगावर जुना करडा रेनकोट!

"अहो, जाकीट कुठाय?"

"आत घातलंय. मळलं तर चमकेल का?"

"मग ट्रकवाल्याला थांबवून बटणं उघडून दाखवणार?"

मामींनी सायकलची किल्ली काढून घेतली. मामा हल्ली चालत जातात. जाकीट मात्र सुखरूप आहे, एक डाग नाही.