मामांची काडीमोड

आमच्या लोणारच्या मामांपुढे पंचपक्वान्नं वाढा आणि बाजूला एक शब्द टाका, ते आधी शब्दच सोलत बसतील. एका लग्नात तर मंगलाष्टकं थांबवून त्यांनी 'अक्षता म्हणजे न मोडलेले' हे वऱ्हाडाला इतकं सविस्तर समजावलं, की मुठीतले तांदूळ घामाने चिकटले आणि नवरदेव दमून खाली बसला. तरी माणूस लाख मोलाचा. अशा माणसावर रागावणार तरी किती?

मामींनी मात्र रागवायचं ठरवलं. डोळ्यात मोतीबिंदू निघाल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा मामांनी त्यातला मोती कुठला आणि बिंदू कुठला ते सांगितलं. ऑपरेशनला सोबत कोण येणार, हे विचारायचं राहूनच गेलं. मामी शेजारणीला घेऊन बुलढाण्याला जाऊन आल्या. नंतर एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर मामी काळा चष्मा लावून पिशवी भरत होत्या. बीबी गावी भावाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. आणि मामा? पेपरात म्हातारपणीच्या घटस्फोटाला 'ग्रे डिव्होर्स' म्हटलं होतं, ते मला समजावत होते. ग्रे म्हणजे पिकल्या केसांचा. फारकत आली फारसीतून, मोकळं केल्याचा कागद. आपली ती काडीमोड: पंचांसमोर दोघांनी काडी धरायची, मोडायची, संपलं. मी मामींच्या पिशवीकडे बोट दाखवलं, पण मामांना थांबवणं कुणाच्या बापाला जमलंय?

मामी चुलीजवळची तुराटी, तुरीची काडी, घेऊन आल्या. एक टोक त्यांनी मामांपुढे धरलं.

"मोडा. भाचा हाये पंच."

मामांनी टोक धरलं. वाळकी तुराटी ती, शिंकेनेही मोडली असती. त्यांनी लगेच दुसऱ्या हाताने ती मधोमध सावरली, मोडू नये म्हणून.

"माह्याच्यानं नाही होत," ते म्हणाले.

"सारा जनम तुमचं ऐकलं," मामी म्हणाल्या. "मलेबी काही सांगाचं होतं. ते कोणाले सांगू?"

मामींनी तुराटी मामांच्याच हातात सोडली आणि पिशवी उचलून बस गाठली.

आता मामा बाजाराच्या दिवशी बीबीला जातात, कधी मीही सोबत असतो. मामी ओसरीवर शेंगा निवडत बोलत राहतात, डोळ्याचं, भावजयीचं, लहानपणीचं. मामा मान हलवत ऐकतात. मामी जेवू घालतात. मामांनी घरी चल म्हटलं, तर 'पाहू' म्हणतात. परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत बसतात. मी मुद्दाम एखादा जुना शब्द काढून पाहतो, तर ते नुसता 'हाव' असा होकार देतात. खरं सांगतो, त्यांच्या बडबडीला आम्ही सगळे कंटाळलो होतो. आता ती एकदा ऐकायला मिळावी म्हणून माझा जीव कासावीस होतो.