हात जोडून बसलेला किडा

पिंपरीला कारखान्याच्या नव्या वसाहतीत आलो तेव्हा आमच्या घरात सामान बेताचंच होतं, पण ओट्यावर झेंडूच्या कुंड्या भरपूर. हे कामावर गेले की मी तिथेच बसून राही. कॉलेजात जीवशास्त्र शिकले होते. संसारात त्याचा एवढाच उपयोग झाला, की फुलावरचा कोणता किडा मध प्यायला आलाय आणि कोणता त्या पिणाऱ्याला खायला, ते मला ओळखू येई. मध पिणारा सारखा हलतो, अंगभर पराग माखून घेतो. शिकारी निश्चल बसतो. एका ढेकणासारख्या दिसणाऱ्याची सोंड सुईसारखी, खाली वाकलेली. हिरव्या, लांब मानेच्या खंडोबाच्या किड्याचे पुढचे पाय काटेरी, हात जोडल्यासारखे छातीशी दुमडलेले.

हा खंडोबाचा किडा एका शनिवारी वसाहतीत फेरीला आलेल्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या नजरेस पडला. साहेब दर रविवारी आम्हा सगळ्यांना सदाचारावर भाषण देत. हजेरी ऐच्छिक होती, फक्त गैरहजर राहणाऱ्याची चौकशी होई.

"वहिनी, बघा, मुका जीव, पण प्रार्थनेत किती मग्न! उद्या ही कुंडी भाषणाला पाठवा."

"साहेब, तो टपून बसलाय. पायांवरचे काटे बघा."

"काटे पाहणाऱ्याला काटेच दिसतात," साहेब म्हणाले. साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. बढतीचे दिवस होते.

रविवारी कुंडी टेबलावर विराजमान झाली. साहेब म्हणाले, "कामगार बंधूंनो, याच्याकडून शिका. मागणी नाही, तक्रार नाही, नुसते जोडलेले हात!"

तेवढ्यात फुलावर मधमाशी उतरली आणि जोडलेले हात सुटले.

"आवं साहेब, ह्यानं माशी धरली की!" पुढे बसलेला गावातला एक कामगार ओरडला. "मुंडकं खातोय!"

सगळी सभा उठून टेबलाशी आली. साहेबांनी रुमालाने किडा झटकला, तर तो माशीसकट त्यांच्या बाहीवर चढला आणि तिथे बसून जेवू लागला. साहेब हात लांब धरून थिजले.

"वहिनी, काढा हो हे!"

मी त्याला पानावर घेतलं. सभा बरखास्त झाली.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: वसाहतीतल्या प्रत्येक झाडावर कीटकनाशक पावडर मारावी. मावा खाऊन संपवणारे शिकारी मेले, आणि थोड्याच दिवसांत साहेबांच्या बंगल्यातल्या गुलाबांवर मावा पडला. त्यावर त्यांनी समिती नेमली. आमच्या कुंड्यांवर मात्र पावडर पडली नाही. मी पावडर मारणाऱ्या माणसाला ओट्यावर चढूच दिलं नाही.

त्या रविवारी सभेत हे गंभीर चेहरा करून होते. घरी येऊन दार लावलं आणि पोट धरून हसले; लग्न झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पुढे एकदा कामावर निघता निघता ओट्यावर उकिडवे बसून त्यांनी हाक मारली, "अगं, लवकर ये! इथे एक नवाच कोणीतरी बसलाय."